फिनिशियनांची साबुदाण्याची खिचडी

लेकीने शनिवारच्या हिस्टरी क्लबसाठी विषय निवडला तो असा: भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन खलाशी, फिनिशियन, त्या काळीच अमेरिकेत पोहोचले आणि तिथेच राहिले असते तर? नऊ वर्षांच्या पोरीला हे सुचावं याचा मला कोण अभिमान! थर्माकोलच्या जहाजापायी आमच्या हॉलची आठवडाभर गोदी झाली होती.

क्लबच्या प्रदर्शनाच्या सकाळी, इथे आखातात अल रीम बेटावरच्या आमच्या टॉवरच्या लिफ्टने ते जहाज दारात पकडलं आणि त्याचा पार चुरा केला. क्लब नवा, तिथे मैत्रीण एकही नाही, आणि टेबलावर मांडायला उरला फक्त नकाशा. गाडीत ती हुंदके देत म्हणाली, "नोबडी विल कम टू माय टेबल."

तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी विचारलं, "तुझे फिनिशियन तिकडे जेवायचे तरी काय गं?"

"लोकल स्टफ. पोटॅटो, पीनट, चिली, कसावा."

"कसावा म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच ना?"

"आय गेस."

"आणि घरून काय नेलं होतं?"

"क्युमिन," ती नाक ओढत म्हणाली.

जिरं! मला सिग्नललाच असं हसू फुटलं की शेजारचा टॅक्सीवाला वळून बघायला लागला. त्या दिवशी होती एकादशी. दिवसभर तिथेच बसायचं म्हणून मी घेतलेला उपासाचा मोठा डबा मागच्या सीटवर होता. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वर जिऱ्याची फोडणी. आपण इतकी वर्षं भक्तिभावाने फिनिशियनांचं जेवण जेवतोय!

"आणि तूप?" मी विचारलं.

"दे टूक गोट्स," ती म्हणाली, आणि मग तीही खिदळायला लागली. वास येतो म्हणून हीच खिचडी ती शाळेच्या डब्यात कधी नेत नसे.

क्लबमध्ये तिने तो डबा नकाशाशेजारी मांडला, आधी 'यात शेंगदाणे आहेत' अशी मोठी पाटी इंग्रजीत लिहिली आणि मग झाकण उघडलं. पहिल्या आल्या क्लबच्या लेबनीज बाई. लेबनॉन म्हणजे फिनिशियनांचं माहेरच. त्यांनी एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला.

"हबीबती," त्यांनी अरबीत लाडाने हाक मारली आणि पुढे इंग्रजीत म्हणाल्या, "माझे पूर्वज परत का आले नाहीत, ते आज कळलं!"

हॉलभर हशा पिकला. मग काय, मुलांची रांगच लागली! दोन मुली तर टेबलाच्या आत शिरून लेकीला वाढायला मदत करू लागल्या. "वुई ईट धिस व्हेन वुई आर फास्टिंग," असं ती ऐटीत सांगत होती, आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता.

गर्दी ओसरल्यावर ती रिकामा डबा घेऊन माझ्याकडे आली.

"आई," ती म्हणाली, चक्क मराठीत, "आता तू काय खाणार?"

एकादशीला एरवी रोजच्यापेक्षा जास्त खाणारी मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर राहिले. पोटात कावळे ओरडत होते आणि मी वेड्यासारखी हसत होते.