पडलेलं घोडं

माझं माहेर धावडा गावचं. लहानपणी डोळ्यांसमोर सदानकदा बैल. घोडं दिसायचं ते फक्त वरातीत. त्यामुळे शाईनं लढाया काढायला लागले तेव्हा माझी घोडी बैलासारखीच बसायची आणि बैलासारखीच उठायची. ते खटकायला लागलं, तशी मी जालन्यात वरातीची घोडी बांधतात तिथं कागद घेऊन जाऊ लागले. घोडी धुळीत मनसोक्त लोळायची, मग पुढचे पाय रोवून उठायची. हळूहळू हात बसला. आता मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि लढाईचं चित्र हवं असलं की लोक माझंच दार वाजवतात.

मागच्या वर्षी एका मारवाडी शेठजींनी बैठकीच्या खोलीसाठी मोठं चित्र सांगितलं. टाक आणि काळी शाई, दुसरा रंग नाही. दोन्हीकडचे घोडेस्वार भिडलेले, भाले तिरपे, धुळीतून वर आलेल्या माना. अगदी पुढे एक घोडं खाली पडलेलं आणि त्याचा स्वार लगाम धरून शेजारी उभा. त्या घोड्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

शेठजींना चित्र पसंत पडलं, त्यांच्या आईंना नाही. जैन घर, मरतं जनावर भिंतीवर नको, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तेवढं घोडं झाकता येईल का, असं शेठजींनी मला बाजूला घेऊन विचारलं. शाई खोडता येत नाही, मी म्हणाले, आणि आली असती तरी मी खोडली नसती. मग आईंच्या शेजारी जाऊन बसले.

“माँजी, ह्याचे पुढचे पाय बघा. बैल उठतो तो मागून. घोडं आधी पुढचे पाय रोवतं. हे मरून न्हाई राह्यलं, उठून राह्यलं.”

त्यांनी खुरापासून मानेपर्यंत बोट फिरवलं. स्वार पळून का गेला नाही, असं विचारलं. घोड्यासाठीच थांबलाय, मी सांगितलं.

“मंग बराबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण बैठकीत नको. माझ्या खोलीत लावा.”

शेठजी हसले आणि बैठकीसाठी त्यांनी दुसरं चित्र सांगितलं. त्यात एकही घोडं पडलेलं नाही. ते पहिल्याइतकं उतरलं नाही, हे मला ठाऊक आहे. शेठजींना मात्र तेच जास्त आवडतं.