केरबानं लातुरात वाजवलं नाही

उदगीरच्या मोंढ्यात ज्वारीचा भाव विचारत उभा होतो, तेव्हा गावाकडून फोन आला. केरबा गेला. सकाळी अंगणात चहा पिता पिताच मान टाकली म्हणे... ज्वारी न घेताच घरी आलो. बायकोनं पिशवी रिकामी का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र मला रडू फुटलं. या गोष्टीला महिना उलटून गेला. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, असं लोक समजावतात. समजावोत बापडे. माझा माणूस गेला तो गेलाच.

केरबा गोंधळी माझा शाळासोबती. देवणीजवळच्या आमच्या गावात लग्न झालं की देवीचा गोंधळ त्याच्याच घराण्यानं घालायचा. गोंधळ्यांची गावं पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेली असतात. एकाच्या गावात दुसरा संबळ काढत नाही. काढायचंच झालं तर ज्याचं गाव त्याच्यापुढे पान-सुपारी ठेवून विचारायचं आणि त्यानं पान उचललं तरच वाजवायचं. आमच्या भागातली गावं केरबाची आणि लातूर त्याच्या थोरल्या चुलतभावाचं, ज्ञानोबाचं. शाळेत केरबाचं गणिताशी कधी पटलं नाही, पण ही वाटणी त्याला तोंडपाठ होती.

आम्ही तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला लोककलेचा महोत्सव भरवायची हौस आली होती. नेमका त्याच वर्षी दुष्काळ. लग्नं पुढे ढकललेली, नवस लांबणीवर, घरोघरची वाद्यं खुंटीला. कलावंत निवडायला समिती आली ती उदगीरला, आमच्या शाळेत. मी तिथं मास्तर, म्हणजे खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे. हलगीवाले आले, वासुदेव आले, आराधी आले. साहेब लोक प्रत्येकाला सांगायचे, जरा आटोपशीर करा, देवांची नावं कमी घ्या, फेटे एकसारखे बांधा. ज्ञानोबाही आला होता. त्याचा आवाज तेव्हाच फाटला होता. साहेबांनी त्याला अर्ध्यातच थांबवलं, अगदी गोड बोलून, आणि तो उठून भिंतीकडेला जाऊन बसला. नंतर केरबा उभा राहिला. त्यानं संबळावर हात टाकला आणि पाणी वाटणारा शिपाई घागर तशीच ठेवून ऐकत राहिला. साहेबांनी तिथल्या तिथं त्याची निवड सांगून टाकली.

"कारेक्रम कुठं हाय, साहेब?" केरबानं विचारलं.

"लातूरला. आणखी कुठं?"

"लातूर ज्ञानोबादादाचं हाय."

साहेब हसले. "अहो, लातूर आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. सरकारचं आहे."

केरबानं मान डोलावली, पण भिंतीकडे पाहिलं तर ज्ञानोबा तिथून निघून गेलेला. दोन दिवसांनी आम्ही दोघं एसटीनं लातूरला गेलो. ज्ञानोबा ओसरीवर बसला होता. केरबानं त्याच्यापुढे पान ठेवलं आणि खाली बसून म्हणाला, "दादा, येक दिवस तुझ्या गावात वाजवू दे." ज्ञानोबा पानाकडे बघत राहिला. मग उठून आत गेला. आतून चहा आला, तो मात्र आला नाही.

परतताना मी चिडलो होतो. "त्यानं नाही कुठं म्हटलं?"

"हाव बी म्हनला न्हाई." केरबा खिडकीबाहेर बघत होता. "साहेबाला सांग, मला ताप आलाय म्हनून."

महोत्सवात बाहेरगावची दुसरीच पार्टी उभी राहिली. छान झालं म्हणे सगळं. केरबा तेव्हा शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर, दुष्काळी कामावर खडी फोडत होता. पुढं पाऊस आला, लग्नं लागली, तो पुन्हा वाजवायला लागला; पण बोटं जड झाली होती. आम्हाला कळायचं, त्यालाही कळायचं. त्या हुकलेल्या लातूरबद्दल तो चकार शब्द बोलला नाही आणि मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. जिल्ह्यानं त्याला एकदा तरी ऐकायला हवं होतं.

तेराव्याला ज्ञानोबा आला. पार थकलेला, नातवाच्या खांद्यावर हात टाकून. सुतक फिटलं की घरातलं संबळ एकदा तरी वाजावं, अशी त्या घराण्याची रीत. केरबाचा मुलगा हैदराबादेत रिक्षा चालवतो, त्याला वाजवता येत नाही. केरबाच्या बायकोनं, गयावहिनींनी, संबळ आणून ज्ञानोबापुढे ठेवलं. त्यानं खिशातून पान काढलं आणि केरबाच्या रिकाम्या बाजेशी, खाली जमिनीवर ठेवलं.

"हे गाव केरबाचं हाय," तो म्हणाला. "त्यानं इचारलं तवा म्या उचललं न्हाई... आता माझं कोन उचलंल?"

तो पानाकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं तो न वाजवताच उठला.

परवा मी पुन्हा जाऊन आलो. संबळ खुंटीवर आहे. पान वाळून काळं पडलंय, पण बाजेशी तसंच आहे. गयावहिनी केर काढत होत्या. पानाशी आल्यावर त्यांनी झाडू आवरला आणि त्याच्या कडेकडेनं झाडून घेतलं.