तपकिरीचा यात्रेकरू

गोरेगावच्या वाचनालयात एक पेन्शनर गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. पान संपलं की चिमूटभर तपकीर, मग पुढचं पान.

तीर्थाला गेलं की आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची, ही आपली रीत. यांनी काशीला कारलं सोडलं, रामेश्वरला दुधी, द्वारकेला सुरण.

"हे सगळं आवडायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"देव कधी आमच्याकडे जेवायला आलाय?"

यंदा मात्र ते हिमालयाचं प्रवासवर्णन घेऊन बसले.

"बद्रीनाथला जात नाही?"

"नावडतं सगळं सोडून झालं रे. आता गेलो तर तपकीरच सोडावी लागेल. त्यापेक्षा पुस्तकातून जातो. तिथं कोण बघतंय?"

आठवड्यानं पाहिलं, तर गृहस्थ बद्रीनाथच्या अलीकडच्या पानावरच अडलेले. तपकीर ओढत होते, पान काही उलटत नव्हते.