मोकळं टोक आणि आमच्या वन्सं

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. लग्नानंतर थट्टेत सुरू केलेली हाक चिकटली ती चिकटलीच. वन्सं पेशाने नर्स. निवृत्त झाल्या, पण सवय काही सुटली नाही. शेजारच्या खोलीत कुणी शिंकलं तरी हातातल्या कामावरून नजर न उचलता विचारतात, "कधीपासून?"

सगळं घर झोपलं की माझ्या काळज्या जाग्या होतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आजही मी जागीच आहे, पण काळजीने नाही. वन्संबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ते आज लिहून टाकते.

माझी लेक ठकी. पायाचं ऑपरेशन झालं, कुबडी आली आणि तिची फिरतीची नोकरी गेली. कित्येक महिने ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग तिला घरबसल्या एक काम मिळालं. कॉलेजातलं व्याख्यान ऐकत ऐकत ते जसंच्या तसं टाईप करायचं. ऐकू न येणाऱ्या मुलांना ते शब्द त्याच क्षणी पडद्यावर दिसत. ठकी पुन्हा वेणीफणी करायला लागली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली. मला हायसं वाटलं.

आणि तेव्हाच इंटरनेटने दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी सुरळीत, दुपारी ठप्प. व्याख्यान चालू असायचं आणि तिकडे मुलांसमोर कोरा पडदा. ठकी अजून चाचणीवर होती. तिच्या वरिष्ठ बाईंनी शांतपणे सांगितलं की तुमचं काम चांगलं आहे, पण पुन्हा असं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. त्या दिवशी ठकी जेवली नाही, आणि मीही नाही.

ह्यांनी कंपनीला फोन करकरून डोकं उठवलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, बंद करून चालू करा. कंपनीचा माणूस आला तोही सकाळी. सगळं छान चाललेलं बघून, चहा पिऊन गेला. ठकी वैतागून लॅपटॉप काढायची, पॅसेजमधली जादाची वायर ओढून त्याला जोडायची आणि पुढच्या खोलीत बसायची. तिथे लगेच चालू. तेव्हा दोष मागच्या खोलीतच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

शेवटी मी वन्संना बोलावलं. त्यांच्या वॉर्डात कॉम्प्युटर आले तेव्हा कनेक्शन गेलं की सगळे त्यांनाच हाक मारत. कारण एकच, त्या घाबरत नसत. आल्या, पर्स ठेवली आणि कशालाही हात न लावता विचारत बसल्या. कधी जातं? जाण्याआधी घरात काय झालेलं असतं? परत येतं तेव्हा काय केलेलं असतं?

"ताई, तो काय पेशंट आहे?" ह्यांनी विचारलं.

"पेशंटच. कण्हत नाही, एवढाच त्रास."

त्यांचे नियम दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबायचं. दुसरा नियम मला त्यांनी स्वयंपाकघरात सांगितला. "कोणी केलं, हे कधी विचारायचं नाही. माणूस लगेच स्वतःला वाचवायला लागतो. आधी काय झालं आणि मग काय झालं, एवढंच विचारायचं."

त्यांनी मागच्या खोलीकडे जाणारी वायर बदलली. ती दुपार निर्विघ्न गेली. वन्संनी निदान जाहीर केलं, मी देवापुढे दिवा लावला, आणि दुसऱ्या दुपारी सगळं पुन्हा बंद. दुसरं कुणी असतं तर नव्या वायरीला नावं ठेवली असती. वन्सं म्हणाल्या, "माझं चुकलं. काल काहीतरी घडायचं राहिलं होतं, ते आज घडलं."

तिसऱ्या दिवशी ठकीचं चाचणीतलं शेवटचं व्याख्यान होतं. जेवणं झाल्यावर वन्संनी पॅसेजमध्ये स्टूल टाकलं आणि विणकाम घेऊन बसल्या. समोरच्या फळीवर एक छोटा डबा आहे. राउटरकडून आलेली वायर त्यात येते आणि पुढे फुटते, एक ठकीच्या खोलीत, दुसरी ती जादाची. ठकी सकाळी ऊन खायला पुढे बसते तेव्हा ती लॅपटॉपला लावते आणि उठताना टोक तसंच जमिनीवर टाकून देते. वन्संची नजर डब्यावरच्या दिव्यांवर होती. ते आळीपाळीने, निवांत मिचमिचत होते.

तेवढ्यात बाबा आले. बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेले. सुटा दोरा, लोंबतं टोक त्यांच्या डोळ्यांना खुपतं. वर्कशॉप बंद झाल्यापासून घरात आपला काही उपयोग नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मध्यंतरी त्यांनी कपाट आवरताना ह्यांचे कागद हलवले, त्यावरून हे त्यांच्यावर ओरडले होते. तेव्हापासून ते बोलायचेही जपून. बाबा वाकले, जमिनीवरची वायर उचलली, नीट गुंडाळली, तिचं मोकळं टोक डब्याच्या रिकाम्या भोकात खोचलं आणि निघाले.

डब्यावरचे सगळे दिवे एकदम थरथरायला लागले. आतून ठकीचा आवाज आला, "आई, गेलं."

वन्संनी सुया मांडीवर ठेवल्या. "बाबा, आत्ता काय काय झालं?"

"काही नाही. वायर आवरली. कुबडी अडकून पोर पडली असती."

वन्संनी ते टोक काढलं. दिवे हळूहळू निवळले. आत ठकीची बोटं पुन्हा कीबोर्डवर पडायला लागली. व्याख्यान नुकतंच सुरू होत होतं.

मग त्यांनी आम्हाला हलक्या आवाजात समजावलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की आतला निरोप एका टोकातून बाहेर पडतो, दुसऱ्यातून आत येतो, पुन्हा बाहेर पडतो. फिरत राहतो, वाढत जातो, आणि खऱ्या निरोपांना वाटच उरत नाही. ठकी वायर ओढून पुढे नेत असे तेव्हा हा फेराच तुटायचा. टोक कुठे खोचलंय ते बघायला त्या घाईत तिला सवड कुठली. आणि वायर बदलली त्या दुपारी बाबांना डुलकी लागली होती, म्हणून आवरायचं तेवढं राहिलं होतं.

संध्याकाळी ह्यांनी आल्या आल्या विचारलं, काय निघालं? मला धडकी भरली. वन्सं म्हणाल्या, "वायरीला ठेवायला जागा नव्हती."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबा खुर्चीतून म्हणाले, "मी खोचत होतो ते टोक. रोज. ठकी पडू नये म्हणून."

हे उठले, हातोडी आणि एक हूक घेऊन आले आणि वडिलांना विचारलं, "किती उंचीवर ठोकू?"

बाबांनी उंची दाखवली. ठकीचा हात कुबडी न सोडता पोचेल इतकी. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधणीच्या उरलेल्या कापडाची एक टोपी शिवून त्या टोकाला घातली, म्हणजे कुणाला ते कुठे खोचायचा मोहच व्हायला नको. आता वायर आवरणं हे घरातलं बाबांचं खातं आहे, आणि त्यात ते कुणाला ढवळाढवळ करू देत नाहीत.

ठकीचं काम आज पक्कं झालं. वन्संना फोन केला तर माझं पुरतं ऐकून न घेताच विचारलं, "आणि तुझी झोप? कधीपासून नाही?"