मायाच्या नावाची बाटली

रिठे उकळत ठेवले की हात रिकामे आणि तोंडं मोकळी. त्यामुळे आमच्याकडे शॅम्पूपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात!

आम्ही म्हणजे बालाघाटच्या एकाच गल्लीतल्या तिघी: विमलमावशी, माया आणि मी. रिठा-शिकेकाईचा शॅम्पू आणि जवसाचा कंडिशनर करतो, आठवडी बाजारात विकतो. दर खेपेला प्रत्येकीने एक बाटली घरी न्यायची, हा आमचा नियम.

मायाची बाटली मात्र गेल्या आठवड्यापर्यंत माझ्याच फळीवर राहायची. लांबलेल्या तापात तिचे सगळे केस गेले. डॉक्टर म्हणाले, "येतील." तिला ते पटेना. डोक्याला ओढणी गुंडाळून ती जगासाठी शॅम्पू गाळायची, पण लांजीला आईकडे जायचं नाव काढायची नाही. मला फार वाईट वाटायचं. तरी दर खेपेला मी तिच्या नावाची बाटली भरायचेच.

*

कटंगीच्या बाजारात एक बाई तणतणत आल्या. "फेसच नाई येत याले! नकली हाय का?"

मावशींनी त्यांची वेणी उचलून त्यांच्याच हातात दिली. "मंग हे केस इतके मऊ काहून लागून राह्यले?"

बाईंनी वेणी दोनदा चाचपली. "अजून एक दे. पोरीले!"

*

शॅम्पूत घालायची जास्वंदीची फुलं आम्ही गल्लीतूनच गोळा करतो. शेजारच्या काकू आमचाच शॅम्पू लावतात, तरी काकांनी एकदा मावशींना त्यांच्या झाडाशी रंगेहाथ पकडलं. "फुलं देवाची हायेत!"

"अन् काकूचे केस कोनाचे हायेत?"

काका तरातरा आत गेले. दुसऱ्या दिवशी फाटकावर दोन परड्या होत्या. "ही देवाची, अन् ही तिची," काका म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

*

एकदा जवसाचा कंडिशनर वाडग्यात काढून मी फ्रिजमध्ये ठेवला. रात्री आमचे हे भुकेले आले आणि साखर घालून सगळा संपवला!

सकाळी मी वाडगा शोधतेय, तर हे खुशीत. "अवं, कालची खीर पुन्हा कर. पोट कसं साफ झालं!"

तेव्हापासून मावशी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतात, "आमच्या भाऊजीनं खाऊन पाह्यलाय!" हे त्या दिवसापासून बाजाराकडे फिरकत नाहीत.

*

गेल्या आठवड्यात आम्ही बाटल्या भरत होतो. माया उशिरा आली. दारातच थांबली आणि हळूच ओढणी सोडली.

डोकंभर केस! बोटाच्या पेराएवढे, पण दाट, काळेभोर. माझ्या हातातलं नरसाळं खाली पडलं.

मावशींनी दोन्ही हातांनी तिचं डोकं कुरवाळलं. "आपल्या शॅम्पूनं आले का वं?"

"नाई वं मावशी. लावलाच कुठं? डॉक्टर म्हने तसे आपले आपन आले," माया म्हणाली. "ताई, माही बाटली दे. उद्या आईकडं जाऊन राह्यली."

मी फळीवरच्या तिच्या बाटल्यांतली एक काढली, पदराने पुसली आणि तिच्या हातात दिली. ती पिशवीत टाकून माया निघाली. फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत फिरली.

"काय राह्यलं?" मावशी म्हणाल्या.

मायाने पेराएवढ्या केसांवरून ऐटीत हात फिरवला.

"कंडिशनर!"