नेलपॉलिशचे ठिपके

काल लेकीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या झोंबऱ्या वासासरशी मी गोंदियाच्या कॉलेजच्या शेडमध्ये जाऊन पोचले. साल २००६. मोटारसायकलचं जुनं इंजिन बसवून आम्ही चौघं एक छोटी कार बनवत होतो. वायरिंग माझ्याकडे होतं. बाजारात वायर सगळी काळीच मिळाली, म्हणून मी ओळखीसाठी टोकांना माझी लाल नेलपॉलिश लावली. हेडलाइटला एक ठिपका, हॉर्नला दोन, इंजिनच्या स्विचला तीन.

"गाडीले नटवून राहिली का वो?" आमच्या चौघांतला दिनेश हसायचा.

कॉलेजच्या प्रदर्शनात गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. प्रमुख पाहुण्यांनी वाकून पाहिलं. "वायरिंग किसने की?"

"मैंने, सर," दिनेश म्हणाला.

"और ये लाल निशान?"

"ऑइल पेंट है, सर."

मी शेजारीच उभी होते. नखांवर तोच लाल रंग होता.

इतकी वर्षं मी दिनेशला खोटारडा म्हणत आले. काल मात्र माझे हात आठवले. त्या क्षणी मी झटकन मुठी वळल्या होत्या आणि नखं आत लपवली होती. त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून, मी!