मैनेला दम लागतो

जनावरांच्या डॉक्टरला किस्से शोधायला जावं लागत नाही, लोक ते दारात आणून बांधतात! आमचा पेशंट बोलत नाही. त्यामुळं त्याच्या वाटचं मालक बोलतो, शेजारी बोलतात, आणि रस्त्यानं जाणारा एखादा गाडी थांबवून फुकटचा सल्लाही देऊन जातो. पैठण रोडवरचा आमचा दवाखाना मी आणि डॉ. फरहान मिळून चालवतो. इतक्या वर्षांत एवढं साठलंय की चहाला बसलं की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आज म्हटलं, एकाच घोडीचं सांगावं. 

*

चितेगावचा संतोष वाळूजची शिफ्ट सुटल्यावर थेट दवाखान्यात आला. अंगात अजून कंपनीचा शर्ट होता.

"मॅडम, आमची घोडी घोरती."

"झोपेत?"

"नाय वो, चालता चालता!"

ह्यांच्या घरी आजोबांच्या काळात मेंढरं होती. वडिलांनी मेंढरं विकून लग्नाच्या घोड्या ठेवायला सुरुवात केली. त्यातली आता एकटी मैना उरली होती. पांढरीशुभ्र आणि नाचायला पटाईत. पण नवरदेव पाठीवर बसला, बँड वाजायला लागला की तिच्या गळ्यातून खर्र खर्र आवाज यायचा. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोडीवरून मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. मागच्या परण्यात नवरदेव अर्ध्या वाटेत खाली उतरला आणि म्हणाला, "ही माझ्याखाली मेली तर लग्न राहील बाजूला!"

झालं! बातमी गावोगाव गेली आणि लोक ठरलेली घोडी रद्द करायला लागले.

"एवढा सीझन बघतो मॅडम," संतोष म्हणाला. "आवाज गेला नाय तर इकून टाकतो. नुसती उभी घोडी पोसायला आपल्याला नाय झेपत."

असं म्हणत होता आणि मोबाईलमध्ये मला तिचे फोटो दाखवत होता. विकणाऱ्या माणसाकडं इतके फोटो नसतात. 

*

दुसऱ्या दिवशी मैना आली. सोबत संतोषची आई, कडूबाई. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, गळा चाचपला, नाकपुड्यांपुढं हात धरला. आवाजाचा पत्ता नाही! मेकॅनिकपुढं गाडी शहाण्यासारखी चालते ना, तसंच.

फरहाननं पण ऐकलं. "मॅडम, इसकी साँस तो मेरेसे अच्छी है ना!"

मग पुण्याच्या मित्राची दुर्बीण मागवली. नाकातून बारीक नळी घालायची आणि गळ्याचं आतलं चित्र पडद्यावर बघायचं. मैना शांत उभी राहिली. आत ना गाठ, ना सूज. श्वासाची वाट दोन्ही बाजूंनी सारखी उघडत होती.

कडूबाई पडद्याजवळ येऊन बारकाईनं बघत होत्या.

"हे तिचं नरडं व्हय?"

"व्हय मावशी."

"लई सोच्छ हाय." थोडा वेळ बघून पुन्हा म्हणाल्या, "पर ह्यात ते नाय दिसत."

मला वाटलं, त्या आजाराबद्दल बोलतायत. 

*

उभ्या जागी आवाज येत नाही, तर पळवून बघू म्हटलं. चितेगावच्या मोकळ्या माळावर लांब दोर लावून मैनेला गोल गोल पळवायचं ठरलं. दोर धरायला फरहान. मधोमध उभं राहून फक्त फिरायचं असतं, पण साहेबांना उत्साह! ते घोडीबरोबर पळायला लागले.

थोड्या वेळानं खरंच धापा ऐकू आल्या. मी आनंदानं धावत गेले. मैना मस्त गवताला तोंड लावून उभी होती. धापा फरहानच्या होत्या!

कडूबाई पदरात तोंड लपवून हसत म्हणाल्या, "घोडीचं ऱ्हाऊ द्या बाई, आधी ह्या डॉक्टरला तपासा!"

*

त्याच दिवशी कडूबाईंनी मला चहाला घरात बोलावलं. संतोष आणि फरहान बाहेर होते. कप हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक इचारू? तिला बरं नाय केलं तर चालंल का?"

मी कप खाली ठेवला.

"आमच्या मालकांला दमा व्हता. थंडीत रातभर छाती अशीच वाजायची. मी पाठ चोळीत बसायची. गेल्या साली गेले. अन् त्या मागून पहिल्याच लग्नात मैनेच्या गळ्यातून त्योच आवाज आला. मी वळखला ना बाई. तीस वर्सं ऐकलेला हाय."

आमचं बौद्ध घर. बाधा, अंगात येणं, असल्या गोष्टी आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "पुरावा काय?" हा प्रश्न मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकतेय. पण त्या बाईला तो प्रश्न विचारायला माझी जीभ वळली नाही.

आवाज राहिला तर घोडी विकली जाणार. घोडी ठेवायची तर आवाज घालवावा लागणार. आणि कडूबाईंना दोन्ही हवं होतं. माझा चहा कपातच गार झाला. 

*

जिथं आवाज येतो तिथंच जाऊन ऐकावा म्हणून मी बजाजनगरच्या एका वरातीत घुसले. गळ्यात स्टेथोस्कोप आणि समोर ट्रकभर डीजे! तो मैनेच्या गळ्याला लावला तर कानात नुसता धडधडाट. तेवढ्यात नवरीकडच्या बायकांनी मला पाहुणी समजून हाताला धरून ओढलं. काय करणार? नाचले! घोडीचा आवाज ऐकायचा राहूनच गेला.

परत येऊन पुन्हा स्टेथोस्कोप लावला, तर घोडीवरून नवरदेव खाली वाकला. "मॅडम, आल्याच आहात तर माझा बीपी बघता का? लई धडधडतंय!"

*

शेवटी ठरवलं, बँडशिवाय वरात काढायची. खोटी! चितेगावात, दुपारी, संतोषच्याच गल्लीत. मैनेला झूल, गोंडे, मोत्यांच्या माळा, सगळा साज चढवला. संतोषनं नेहमीसारखा लगाम घातला आणि हनुवटीखालून एक पट्टा घेऊन छातीच्या पट्ट्याला करकचून बांधला. मैनेची मान झोकात वाकली. नवरदेव म्हणून बसायला सडाफटिंग माणूस एकच होता. फरहान! फेटा बांधून घ्यायला त्यानं इतके आढेवेढे घेतले की विचारू नका. 

संतोषनं मोबाईलवर गाणं लावलं. मैनेनं पाय उचलले, ठेका धरला, आणि आला की आवाज! खर्र... खर्र... श्वास आत घेताना, दर वेळी.

"आ गया मॅडम, आ गया!" फरहान वरून ओरडला.

आरडाओरडा ऐकून शेजारची म्हातारी कुंकवाची कोयरी घेऊन आली. नवरदेवाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिनं विचारलं, "पोरगी कुठली हाय?"

"खाला, वहीच तो ढूंढ रहे!"

गल्ली हसत होती, पण माझा हात मैनेच्या गळ्याशी होता. जबडा आणि मान ह्यांच्यामध्ये माझं बोटसुद्धा शिरत नव्हतं. मी पट्टा सोडला. मैनेनं मान पुढं केली, नाचत राहिली, आणि आवाज बंद. पुन्हा बांधला, पुन्हा खर्र. नळी दुमडली की पाणी अडतं तसा तिचा श्वास तिथं अडत होता. दवाखान्यात आणि माळावर ती मोकळ्या मानेनं आली होती, म्हणून आम्हाला काही सापडलं नाही. 

"हा पट्टा कधीपासून लावतोस?" मी विचारलं.

"बाबा गेल्यापासून," संतोष म्हणाला. "बाबा म्होरं चालायचे तवा ती आपली आपणच मान वाकवायची. माझ्यासाठी वाकवंना. गिऱ्हाईक म्हणायचं, घोडीला पहिल्यावानी रुबाब नाय ऱ्हायला. म्हणून बांधली."

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो तिथंच ओट्यावर बसला. "मी गळा आवळीत व्हतो व्हय तिचा?"

फरहान फेट्यासकट खाली उतरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. "तुझे क्या मालूम था रे. तू तो बाप के जैसा करने गया."

संतोषनं पट्टा काढून घरात नेऊन टाकला. "मान वाकली नाय तर नाय वाकली. ज्याला चालंल तो नेईल. घोडी कुठं जात नाय." मैनेनं त्याच्या कंपनीच्या शर्टाला नाक पुसलं.

कडूबाई तेवढा वेळ घराबाहेर आल्या नव्हत्या. आईला हे कोण सांगणार, ह्यावर आम्हा तिघांत बराच वेळ तू-तू मी-मी झालं. शेवटी अर्थातच माझ्यावर आलं. आणि मला काही त्या दिवशी जमलं नाही. 

*

पुढच्याच आठवड्यात चितेगावात लग्न होतं. गावातलंच, त्यामुळं मैनाच ठरलेली. परण्या मारुतीसमोर थांबला, नवरदेव उतरून आत गेला, बँडवाले पाणी प्यायला लागले. मैना बराच वेळ नाचून आली होती, तिच्या बरगड्या भरभर हलत होत्या. मान सरळ, मोकळी.

बायकांच्या घोळक्यातून कडूबाई पुढं आल्या. मी जवळच होते. पट्टा, गळा, श्वासाची वाट, सगळं समजावून सांगायची तयारी करून गेले होते. त्यांनी मला हातानंच थांबवलं. मैनेच्या गळ्याला कान लावला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. संतोष लगाम धरून खाली बघत होता.

खूप वेळानं त्यांनी कान काढला.

"नाय येत आवाज."

"नाय येत, मावशी," मी म्हणाले. आता ह्या रडणार, आणि मीही रडणार, एवढंच डोक्यात होतं.

कडूबाईंनी पदरानं मैनेच्या मानेवरचा घाम पुसला. अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडं वळून हसल्या.

"मंजी आता त्येंलाबी दम लागत नसंल."